नववीसाठी कोणता कार्यक्रम

मुख्याध्यापिका : म्हणजे व्याख्यान नकोच म्हणता? पालक तर त्या वक्त्याचं नाव ऐकूनच खूश आहेत.

समुपदेशक : व्याख्यान झकास होईल, मॅडम. टाळ्या पडतील, दोनचार मुली रडतील आणि मधल्या सुट्टीत सगळं विरून जाईल. एका भाषणाने मुलांमधले प्रयत्न कमी झाले, असं दाखवणारा धड अभ्यास मला तरी सापडला नाही.

मुख्याध्यापिका : नुसतं 'प्रयत्न' म्हणू नका. आत्महत्येचे प्रयत्न म्हणा. दहावीतली ती पोर दवाखान्यातून परत आल्यापासून अख्खी शाळा हा शब्द गिळून बसलीये.

समुपदेशक : आत्महत्येचे प्रयत्न. बरं.

मुख्याध्यापिका : मग दुसरा कार्यक्रम घ्या. शिक्षकांना तयार करायचं. कोण गप्प गप्प झालंय, कुणाचं चित्त थाऱ्यावर नाही, ते आम्ही हेरायचं. जन्मभर तेच तर केलं.

समुपदेशक : तो वाईट नाही, शिक्षकांना समज येते. पण पुष्कळ शाळांत हे कार्यक्रम शेजारीशेजारी ठेवून पाहिले, तेव्हा नुसत्या शिक्षकांना शिकवून फारसा फरक पडला नाही. जिथे मुलंच वर्गात या विषयावर बोलली, प्रसंग करून पाहिले, तिथे प्रयत्न कमी झाले.

मुख्याध्यापिका : आणि आपण विषय काढला म्हणूनच एखाद्याच्या डोक्यात आलं तर? पालकसभेत पहिला प्रश्न हाच येणार.

समुपदेशक : येऊ दे. विचारल्याने विचार शिरत नाही, हेही तपासून झालंय. कुणीतरी विचारलं, याचं पोरांना उलट हायसं वाटतं.

मुख्याध्यापिका : तुम्ही फार खात्रीने बोलता हो.

समुपदेशक : जेवढी आहे तेवढ्याच खात्रीने. आपल्या शाळेत हा मुलांनीच करायचा कार्यक्रम चालेलच, असं छातीठोक नाही सांगत. म्हणून तर आधी नववीच्या एका तुकडीत करून पाहतोय.

मुख्याध्यापिका : तिथून तर हसण्याचे आवाज येतात.

समुपदेशक : एक जण दुःखी मित्र होतो, दुसरा त्याला उपदेश पाजायला लागतो. मग वर्गच म्हणतो, प्रवचन आवर, आधी त्याचं ऐक.

मुख्याध्यापिका : दार वाजलं. ये आत. का गं, तास सोडून?

मुलगी : बाई, सर हवेत. माझ्या शेजारी बसते ना, ती म्हणाली, तिला जगायचंच नाही. कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातलीय.

समुपदेशक : आता कुठेय ती?

मुलगी : खेळाच्या बाईंजवळ. एकटं नाही सोडलं मी. ओढतच नेलं. म्हटलं, बाई, हिच्याजवळ थांबा, मी सरांना आणते.

समुपदेशक : अगदी बरोबर केलंस. मॅडम, मी जातो. तिच्या आईला...

मुख्याध्यापिका : आत्ताच फोन लावते. काय सांगू?

समुपदेशक : घाबरवू नका, लपवूही नका. लगेच या म्हणा, आणि तिला रागावू नका म्हणा. डॉक्टरांशी मी बोलतो. तोवर कुणीतरी सतत तिच्याजवळ हवं.

(समुपदेशक जातात. फोन संपतो. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली आहे.)

मुख्याध्यापिका : निघाली तिची आई. पाणी पी. तिने आपणहून सांगितलं?

मुलगी : मी विचारलं. आपले आवडते रंग, पेनं, सगळं मुलींना वाटत सुटली होती. ही धोक्याची खूण, सरांनी सांगितलं होतं. वर्गात केलं होतं तसं सरळच विचारलं, तुला मरावंसं वाटतंय का? वाटलं, हसेल. तर रडायलाच लागली.

मुख्याध्यापिका : भीती नाही वाटली?

मुलगी : वाटली ना. पण काय बोलायचं ते ठाऊक होतं.

(थोड्या वेळाने समुपदेशक परत येतात.)

मुख्याध्यापिका : आलात? कशी आहे?

समुपदेशक : बोलतेय. आई पोचलीये, कवटाळून बसलीये तिला. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जातोय.

मुख्याध्यापिका : एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, असं आता तुम्हीच म्हणाल.

समुपदेशक : म्हणेनच. पण अभ्यास आधीच झालेत, मॅडम.

मुख्याध्यापिका : तर मग नववीच्या सगळ्या तुकड्यांना तुमचाच कार्यक्रम. शिक्षकांचं प्रशिक्षण जोडीला. पालकांशी मी बोलते, आणि शब्द न गिळता बोलते. निघा तुम्ही.

मुलगी : बाई, ती म्हणाली, तू शपथ मोडलीस. आता जन्मात बोलणार नाही माझ्याशी.

मुख्याध्यापिका : धरू दे अबोला. धरायला ती आहे ना.