आईच्या पोटातला काळा गोळा

सोनोग्राफीचं म्हणाल तर एकदा मी स्वतःलाच तज्ज्ञ समजून बसलो होतो. शहाऐंशी साल असेल. आई नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला आली होती. तिचं ओटीपोट दुखायचं, आणि तपासताना डॉक्टरांच्या हाताला गाठ लागली, म्हणून त्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली.

मी तेलकंपनीत. जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरींवरून खाली काय दडलंय ते ओळखायचं, हीच माझी नोकरी. त्यामुळे मोठ्या आत्मविश्वासाने स्क्रीनसमोर उभा राहिलो. बघतो तर मधोमध हा एवढा काळा गोळा. मशीन चालवणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर सांगतील."

मी आईचा हात धरला. "घाबरू नकोस, आई. आपण सगळे उपाय करू."

"मी कुठे घाबरलेय? तूच पांढराफटक पडलायस."

डॉक्टर आले. मी त्या गोळ्यावर बोट ठेवून विचारलं, "ही गाठ काढता येईल ना?"

"ते ब्लॅडर आहे," ते म्हणाले. "भरलेलं असलं की मागचं नीट दिसतं. गाठ ही इथे, लहानशी. गर्भाशयातला साधा फायब्रॉइड आहे, धोक्याचा नाही; काही करायची गरज नाही."

मी आईला सगळं मराठीत समजावलं, ब्लॅडर म्हणजे लघवीची पिशवी हेसुद्धा.

"अरे, तू बाहेर पेपर वाचत होतास तेव्हा या बाईंनी मला पाच ग्लास पाणी पाजलं," आई म्हणाली. "पोट माझं, आणि तू विचारतोस मशीनला. आता बाथरूम कुठे आहे, तेवढं विचार."