माने काकांच्या कॉप्या

लातूरच्या एका क्लासचा सर्व्हर रीबूट केला अन् डेटाबेस सुरूच होईना. संध्याकाळी पोरांचा निकाल लावायचा होता, म्हणून मी नांदेडहून धावत गेलो. बघतो तर डिस्क गच्च! ऑफिसातल्या माने काकांनी रोज सगळ्या डेटाची एक कॉपी त्याच मशीनमध्ये ठेवलेली.

"भूकंपात सगळं गेलं आमचं," काका म्हणाले, "म्हून जपून ठेवतो."

जुन्या कॉप्या उडवल्या, डेटाबेस चालू झाला. मी चिडूनच म्हणालो, "काका, सगळं एकाच मशीनमध्ये? मशीनच गेलं तर?"

काका हळूच म्हणाले, "हाव. आम्ही बी सगळे एकाच घरात निजलो होतो."

तेव्हापासून एक कॉपी हार्ड डिस्कवर नांदेडला माझ्या कपाटात असते. काका फोन करतात अन् आधी तिचंच विचारतात, "बरी हाय ना?"