ताईच्या ट्रंकेची किल्ली

तुमच्याकडे पहिलटकरणीपाशी कोण बसतं गं? आमच्या सोनई गावच्या घरी कुणीच बसलं नाही, कारण सगळ्या जणी किल्ली शोधत होत्या.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळपासून कळा, पण सुटका होईना. आत्या म्हणाली, "घरात कुठंतरी कुलूप लागलेलं असंल. सगळी उघडा, म्हंजी बाई मोकळी हुती." झालं! कपाटं, पेट्या, डब्यांची झाकणंसुद्धा उघडली. राहिली फक्त ताईची सासरहून आणलेली ट्रंक. तिची किल्ली सापडेना.

सुईण दुष्काळी कामावर खडी फोडायचं सोडून धावत आलेली. ती आतून ओरडली, "अवो, पोरगी लई घाबरलीया. कोनतरी हात धराया या!"

ताई रडत होती, "आई, ये ना गं!"

"आले बाळा, किल्ली घावू दे!" आईचे दोन्ही हात ज्वारीच्या कणगीत.

मी आत निघाले, तर आत्यानं दंड धरला. "बिनलग्नाच्या पोरीनं आत जायाचं न्हाई."

"मग तुम्ही तरी जा!"

"लई शिकलीस! आधी भिंतीतली दिवळी बघ."

हात झटकून आत शिरायचं सोडून मी भांडत बसले. तेवढ्यात बाळ रडलं.

तेव्हा कुठं आई आत धावली. ट्रंक अजून बंदच होती. "किल्ली कुठं ठिवली गं?"

ताईनं गळ्यातली पोत वर केली. किल्ली तिथंच अडकवलेली.

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

ताईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "विचारायला तरी कोण आलं?"