एवढीशी डबी

बालविभागाबाहेर माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. प्रयोगशाळेतली बाई झाकणाची डबी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

“आजोबा, नातवाला झाली का?”

“आज सहावा दिवस. अख्खं घर त्याच्या शीकडे डोळे लावून बसलंय. पण तुम्हाला कशाला हवी ती?”

“त्याच्या आतड्यात जंतू शिरलेत. ते तिथेच विष बनवतात, म्हणून तो असा लुळा पडलाय. शीतून ते जंतू मिळाले की त्यांची प्रथिनं तपासणार आम्ही. त्यातलं एखादं कामाचं निघालं, तर त्यावरून लस बनवता येईल.”

“मग बनवा आणि टोचा की त्याला पटकन!”

“लस यायला वर्षं लागतील, आजोबा. त्याला औषध दिलंय. सकाळी पापणी उचलली त्यानं.”

“म्हणजे कुंथायचं आमच्या पोरानं आणि लस लोकांच्या पोरांना?”

“हो. त्याला दिलेलं औषधही लोकांच्याच रक्तातून काढलंय.”

“कुठल्या लोकांच्या?”

“नावं आम्हालाही माहीत नाहीत.”

आजोबांनी डबी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

“एवढीशी? मोठी आणा हो. द्यायचं म्हटलं की आमच्या घराण्यात कुणी हात आखडता घेत नाही.”