गार सावलीतली शाळा

हो, हो, तेच सांगतेय — आधी नीट बस तरी! पाय दुमडून, चटईवर, अशी — गुडघे अगदी लाकडाचे आहेत गं तुझे. आणि न्सिमा, मक्याच्या पिठाची उकड आहे ती, अशी टोचायची नसते. बोटांनी गोळा वळ, भोपळ्याच्या पाल्यात बुडव. हं. आमची भाषा दोन वर्षं शिकलीस म्हणे — बोलतेस छान, रेडिओसारखी. तर काय, शाळा रिकामी का? महिन्याभरात पोरं आली नाहीत, तर पत्रे, बाक, दोघं मास्तर, सगळं दुसऱ्या गावाला जाणार — ऐकलं मी. गावप्रमुख काझेम्बेंनी काय कारण दिलं? मक्याची कापणी? आणि बायकांनी? ताप! घे, लिहून घे वहीत. कापणी होऊन दोन महिने झाले, नि तापानं सत्तर पोरं एकदम झोपतात होय गं?

मला सांग, येताना वाटेत झाडं किती दिसली? नाहीतच — सगळी चुलीत गेली. मग शाळेभोवतीच एवढी जुनी, जाडजूड झाडं कशी उरली? शाळेची जागा ठरवायला आलेल्या तुमच्या त्या पहिल्या साहेबालाही हा प्रश्न पडला नाही. लाल मानेचा, घामानं निथळत आला, झाडीत शिरला, टोपी काढली, म्हणाला — इथंच! काय गारवा! — अगं, असणारच. आमची सगळी माणसं आहेत तिथं, मातीखाली. बघ, घास थांबला! गीळ, गीळ. मसणवट आहे ती. तिथलं लाकूड कुणी तोडत नाही, नि पोरांना तर तिकडं फिरकूही देत नाही. मग बोललो का नाही? पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? विटा आम्हीच पाडल्या, पाणी डोक्यावर आणलं, गाणी म्हटली — आणि प्रत्येकीला ठाऊक, आपलं पोर इथं पाऊल टाकायचं नाही! हस, हस. हसण्यासारखंच आहे.

म्हणजे — काझेम्बे बोलणार होते. सभेत उठलेही होते. मीच म्हटलं, बसा. कुळात थोरली मी. मेलेल्यांच्या वतीनं सांगते, त्यांची हरकत नाही. माझ्यापुढं कोण तोंड उघडणार! ...का म्हणजे? असंच. म्हातारीची लहर. — एनिफा आहे तिथं. माझी धाकटी लेक. भिंतीपासून दहा पावलांवर. तेव्हा शाळा लिंथिपे नदीपलीकडं होती. पाणी चढलेलं, मी म्हटलं आज राहू दे, तर म्हणाली, आज पाढे आहेत. — मला वाटलं, खिडक्या एवढ्या मोठ्या ठेवल्यात, तिला ऐकू जाईल. पण रिकाम्या खोलीतनं काय ऐकू जाणार गं?

डोळे पूस. पाल्यात मीठ पुरेसं आहे.

विहिरीजवळचं ते शेत बघितलंस? माझं आहे. आमच्यात जमीन बाईची असते, कुठल्या बाप्याला विचारावं लागत नाही. सावली औषधालाही नाही, पोरांची टाळकी तापतील — तापू देत. पत्रे उतरवा, भिंती पाडा, विटा आम्ही वाहू. एकदा वाहिल्या तशा पुन्हा वाहू. मक्याचं काय? मी एकटी किती खाणार! आणि काझेम्बेंना सांग, सभा बोलवा — ही म्हातारी नाचिसाले उभं राहून सांगणार आहे की तिनं मेलेल्यांना न विचारताच त्यांचा होकार दिला. काझेम्बेंना म्हणावं, खुशाल हसा.

मिटलीस वही? मग ऊठ. हात धू नि जा — मी? मी बसते जरा. जा म्हटलं ना.