भोपळ्याला पहिली विळी

हसू नका, पण एक भोपळा कापायला आमच्या अख्ख्या वाडीत माणूस मिळेना.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला माझी अंगणवाडी, माहीत आहे ना? वरून उपक्रम आला: लाल भोपळा कापा, मुलांना बिया मोजायला लावा. अकराला आमच्या सुपरवायझर मॅडम स्वतः बघायला येणार.

मी विळी घेतली, तर आमच्या मदतनीस सखूताईंनी माझा हातच धरला. "बाई, अख्खा भोपळा बाईमाणसानं नाय कापायचा. पयली विळी बाप्यानं लावायची, मंग आपण."

"मग बोलवा कुणाला तरी."

"हाय कोण? निम्मे मुंबईला, निम्मे बिरवाडीला कंपनीत."

मी चिडले. "मीच कापते. बघू काय होतं ते!"

"कापा. उद्या कुणाचं पोर आजारी पडलं, तर नाव तुमचंच."

मी विळी खाली ठेवली. साडेदहा वाजून गेले, आमचा वाद काही संपेना. तेवढ्यात चार वर्षांच्या तन्वीने भोपळा ढकलत ढकलत पायरीपर्यंत नेला आणि दिला खाली सोडून. फाटकन फुटला! पोरं बियांवर तुटून पडली.

सखूताई निवांत म्हणाल्या, "आता चालंल. आपण कुठं कापला?"

मॅडम आल्या. बिया मोजणारी पोरं बघून खूश झाल्या, भराभर फोटो काढले. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, पहिली विळी पुरुषमाणसानेच लावली ना हो?"