बोलणारं घड्याळ

हसू नका रे, माझी नोकरी जाता जाता वाचली. मी मानसिक आजारांच्या औषधांचा एमआर. नसलेले आवाज ऐकू येणाऱ्यांसाठी आमच्या कंपनीने नवी गोळी काढली. डॉक्टरांना भेट काय? तर बोलणारं घड्याळ! ऐरोलीच्या एका डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये मीच टांगलं. समोरून कुणी गेलं की त्यातून बाईचा आवाज यायचा, "मी तुमच्यासोबत आहे."

आठवड्याने डॉक्टरांनी मला तातडीने बोलावलं. आत करावे गावच्या एक मावशी मुलाला घेऊन बसलेल्या.

"डॉक्टर, गोळीनं पोराचे आवाज बंद झाले," त्या सांगत होत्या, "पन इथं आले की आता मलाच येतात!"

घाबरत साहेबांना फोन लावला. साहेब खूश!

"बघ, मी म्हणत नव्हतो, मार्केट वाढणार?"